उरला, इर्ला आणि जुहूत उतरलेली दोन विमानं



मी रायपूरला राहतो, उरल्यात. रायपुरातल्या मंडळींना उरला सांगावं लागत नाही. रोलिंग मिल, भट्ट्या, ट्रकांच्या रांगा. पण मुंबईच्या नातेवाइकांना फोनवर 'उरला' म्हटलं, की निम्म्यांना 'इर्ला' ऐकू येतं. पार्ल्याची माझी मावशी तर एकदा म्हणाली, "अरे, मग इथेच आहेस की! संध्याकाळी जेवायलाच ये." मी अकराशे किलोमीटरवर, आणि मावशीनं कुकर लावायची तयारी केलेली.

मावशी बहिरी नाही. तिच्या डोक्यात इर्ला आधीपासून होतं, तिच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर. कानावर अर्धवट काहीतरी पडलं आणि डोक्यानं ओळखीचं गाव पुढे केलं. आजचा विषय हाच आहे. फक्त कानाच्या जागी डोळे घ्या, आणि मावशीच्या जागी हजारो तास उड्डाण केलेला वैमानिक. आणि गंमत म्हणजे ही गोष्ट घडली त्याच इर्ल्याच्या शेजारी, जुहूच्या विमानतळावर. एकदा नाही, दोनदा.

आधी एक गैरसमज दूर करू. रायपुरात हा विषय काढला की कुणीतरी हमखास म्हणतं, "आपल्या मान्यालाही एक विमान चुकून उतरलं होतं ना, ते बांगलादेशचं?" माना म्हणजे आमचा विमानतळ. ७ ऑगस्ट २०१५ ला ढाक्याहून मस्कतला निघालेलं युनायटेड एअरवेज या बांगलादेशी कंपनीचं एमडी-८३ विमान इथे उतरलं. आत १७३ प्रवासी होते. प्रवासी पुढे गेले, विमान मात्र वर्षानुवर्षं मान्यालाच उभं राहिलं. येता-जाता लोकांनी त्याच्याकडे बोट दाखवलं. पण ते चुकून उतरलं नव्हतं. इंजिनात बिघाड झाला, वैमानिकानं जवळचा विमानतळ मागितला, नियंत्रकानं रायपूर दिलं. आपण कुठे उतरतोय हे सगळ्यांना ठाऊक होतं. याला विमान वळवणं म्हणतात. आपण आज बोलणार आहोत ते वेगळं आहे: विमान ठणठणीत, वैमानिक अनुभवी, आणि चाकं जमिनीला टेकेपर्यंत, कधीकधी त्यानंतरही, आपण भलत्याच विमानतळावर आहोत हे त्याला कळलेलं नाही.

आता जुहू. आज तिथे मुख्यतः हेलिकॉप्टरं दिसतात, पण भारताच्या नागरी विमानसेवेचं पाळण्यातलं नाव जुहू आहे. हा विमानतळ १९२८ चा. बॉम्बे फ्लाइंग क्लब इथलाच. १५ ऑक्टोबर १९३२ ला जे. आर. डी. टाटा कराचीहून टपालाच्या थैल्या घेऊन एका छोट्या पस मॉथ विमानातून निघाले, अहमदाबादला थांबले आणि मुंबईत उतरले ते जुहूला. जागा मात्र समुद्राकाठची, सखल. पावसाळ्यात तिथे इतकं पाणी आणि चिखल व्हायचा, की टाटांची टपालसेवा त्या महिन्यांत पुण्याला हलवावी लागायची.

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलाला मोठी, पक्की धावपट्टी हवी होती. ती सांताक्रूझला झाली. युद्ध संपलं, स्वातंत्र्य आलं, विमानं मोठी होत गेली आणि नागरी वाहतूक जुहूहून सांताक्रूझला गेली. आज आपण ज्याला छत्रपती शिवाजी महाराज आंतरराष्ट्रीय विमानतळ म्हणतो, तो हाच. जुहू बंद मात्र झालं नाही. लहान विमानांसाठी, फ्लाइंग क्लबसाठी ते चालू राहिलं.

म्हणजे परिस्थिती अशी झाली: एकाच उपनगरात, दोन-तीन किलोमीटरच्या अंतरात, दोन विमानतळ. त्यांच्या धावपट्ट्या कशा आहेत ते नीट ऐका, कारण सगळी गोम तिथे आहे.

धावपट्टीला नाव नसतं, क्रमांक असतो. होकायंत्रावर ती ज्या दिशेला तोंड करून आहे, त्या अंशातलं शेवटचं शून्य काढलं की तो क्रमांक मिळतो. बरोबर पूर्वेकडे तोंड म्हणजे ९० अंश, म्हणून ०९. सांताक्रूझची मुख्य धावपट्टी ०९. आणि जुहूची? ०८. दोन्ही जवळजवळ समांतर, दोन्ही पूर्व-पश्चिम. पश्चिमेकडून, अरबी समुद्रावरून येणाऱ्या वैमानिकाच्या डोळ्यांपुढे हे चित्र ठेवा. किनारा आला, वस्ती आली, आणि समोर नाकाच्या रेषेत एक धावपट्टी. ती जुहूची. सांताक्रूझची तिच्यामागे आहे, जरा उजवीकडे. म्हणजे जी चुकीची, ती आधी भेटते.

फरक आहे तो लांबीचा. जुहूची धावपट्टी सुमारे ११४३ मीटर. सांताक्रूझची मुख्य धावपट्टी आजच्या मापानं जवळजवळ साडेतीन किलोमीटर. पण समोरून, वरून, तिरकं बघताना लांबीचा अंदाज फसवा असतो. जवळून पाहिलेली छोटी पट्टी आणि लांबून पाहिलेली मोठी पट्टी डोळ्याला सारखीच दिसते.

पहिली घटना १५ जुलै १९५३ ची. ऐन पावसाळा. बीओएसी ही तेव्हाची ब्रिटिश सरकारी विमान कंपनी, आणि विमान होतं कॉमेट. कॉमेट म्हणजे जगातलं पहिलं प्रवासी जेट. २ मे १९५२ ला त्याची प्रवासी सेवा सुरू झाली होती, आणि बरोबर एका वर्षानं, २ मे १९५३ ला, कलकत्त्याहून उडालेलं एक कॉमेट वादळात सापडून कोसळलं होतं. आतले सगळे ४३ जण गेले. त्यानंतर अडीच महिन्यांनी दुसरं एक कॉमेट मुंबईवर आलं आणि सांताक्रूझऐवजी थेट जुहूला उतरलं.

ते सुखरूप थांबलं. जगातलं सर्वांत आधुनिक विमान फ्लाइंग क्लबच्या छोट्या विमानांच्या अंगणात उभं. आता पुढचा प्रश्न: उतरलं खरं, उडणार कसं? विमानाला थांबायला जेवढी जागा लागते, त्याहून बरीच जास्त जागा भरलेल्या विमानाला उडायला लागते. म्हणूनच चुकीच्या जागी उतरलेलं मोठं विमान बाहेर काढायचं तर त्याचं वजन शक्य तेवढं कमी करावं लागतं. हे कॉमेट सुमारे नऊ दिवसांनी जुहूहून उडालं आणि गेलं. कुणाला इजा नाही. सांगायला छान किस्सा झाला.

आणि इथेच मला थांबायचंय. कुणी मेलं नाही, विमान मोडलं नाही, म्हणून घटना किश्श्यात जमा झाली. असं झालं की शिकायचं राहून जातं.

एकोणीस वर्षं गेली. १९७२ साल. जपान एअरलाइन्ससाठी हे वर्ष काळं होतं. १४ जून १९७२ ला त्यांचं डीसी-८ विमान दिल्लीत पालमजवळ उतरताना कोसळलं. विमानातले ऐंशीहून अधिक आणि जमिनीवरचे काही जण मृत्युमुखी पडले. त्यानंतर साडेतीन महिन्यांच्या आत, २४ सप्टेंबर १९७२ ला, त्याच कंपनीचं तसंच डीसी-८, फ्लाइट ४७२, लंडनहून टोकियोला निघालं होतं. वाटेत फ्रँकफर्ट, रोम, बैरूत, तेहरान, मग मुंबई, पुढे बँकॉक आणि हाँगकाँग. विमानात १२२ जण. मुंबई आली, धावपट्टी दिसली, आणि विमान उतरलं जुहूला.

चार इंजिनांचं ते अवजड विमान सव्वा किलोमीटरही नसलेल्या पट्टीवर थांबणं कठीणच होतं. पट्टी संपली तरी विमान धावत होतं. ते टोकापलीकडे गेलं आणि इतकं मोडलं की पुन्हा कधी उडालं नाही. काही जण जखमी झाले. जीव एकाचाही गेला नाही. जुहूच्या भोवतीची वस्ती ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हे किती थोडक्यात निभावलं ते सांगायला नको. दोनच महिन्यांनी, २८ नोव्हेंबरला, याच कंपनीचं आणखी एक डीसी-८ मॉस्कोहून उडताना पडलं आणि ६२ जण गेले. दिल्ली आणि मॉस्को या दोन मोठ्या अपघातांच्या मध्ये जुहू झाकलं गेलं. आजही त्या वर्षाबद्दल लिहिताना जुहूला फार तर एखादी ओळ मिळते.

एकच शहर, तीच पट्टी, तीच चूक, एकोणीस वर्षांच्या अंतरानं. १९५३ नंतर जी काही खबरदारी घेतली गेली असेल, ती पुरली नाही, एवढं १९७२ नं सिद्ध केलं. आता तुम्ही म्हणाल, त्यात काय, दोन वैमानिक वेंधळे निघाले. मलाही आधी तसंच वाटलं होतं. पण हीच चूक इतर देशांत कशी झाली ते पाहिलं, की वेंधळेपणाचा मुद्दा टिकत नाही.

लंडनला चला. तिथे हीथ्रो हा मोठा विमानतळ आणि जवळच नॉर्थोल्ट हा हवाई दलाचा लहान तळ. २५ ऑक्टोबर १९६० ला पॅन अ‍ॅमचं बोइंग ७०७ हीथ्रोऐवजी नॉर्थोल्टला उतरलं. दोन्ही विमानतळांच्या वाटेवर गॅस कंपनीची एकेक प्रचंड गोल टाकी होती, दिसायला सारखी. टाकी दिसली, आता धावपट्टी आली, अशी खूणगाठ वैमानिक बांधायचे. खूण खरी, पण ती दोन ठिकाणी. यावर उपाय काय केला माहितीये? एका टाकीवर भलीमोठी इंग्रजी अक्षरं रंगवली: एनओ, म्हणजे नॉर्थोल्ट. दुसरीवर एलएच, म्हणजे लंडन हीथ्रो. रंगाचे डबे आणि शिडी, बस. आकाशातल्या माणसाला खालून पाटी दाखवली.

मग नव्या काळात या. कॉकपिटमध्ये नकाशा दाखवणारे पडदे आले, उपग्रहावरून जागा कळू लागली. आता तरी चूक संपली असेल? २० नोव्हेंबर २०१३ ला अमेरिकेत विचिटा शहरात बोइंगचं ड्रीमलिफ्टर नावाचं महाकाय मालवाहू विमान मॅककॉनेल या हवाई दलाच्या तळावर उतरायचं होतं. ते उतरलं चौदा-पंधरा किलोमीटर अलीकडच्या जबारा या छोट्या विमानतळावर. मॅककॉनेलची धावपट्टी १९, जबाराची १८. जुहूचे ०८ आणि ०९ आठवले ना? आणि इथेही चुकीचा विमानतळ वाटेत आधी भेटणारा. दुसऱ्या दिवशी ते विमान तिथून उडालं.

त्यानंतर दोन महिन्यांच्या आत, १२ जानेवारी २०१४ च्या संध्याकाळी, साउथवेस्ट कंपनीचं बोइंग ७३७ ब्रॅन्सन विमानतळाऐवजी दहाएक किलोमीटरवरच्या लहानशा विमानतळावर उतरलं. प्रवासी १२४. त्या पट्टीची लांबी ३७३८ फूट, म्हणजे जवळजवळ आपल्या जुहूएवढीच. ब्रेक इतके जोरात दाबावे लागले की विमान थांबलं तेव्हा पट्टीचं टोक सुमारे तीनशे फुटांवर होतं, आणि टोकापलीकडे उतार आणि खाली महामार्ग.

भारतीय उदाहरण हवं असेल तर ७ सप्टेंबर २०१८. तिरुवनंतपुरमहून मालदीवला गेलेलं एअर इंडियाचं विमान, १३६ प्रवासी. इथे विमानतळ बरोबर होता, धावपट्टी चुकली. मालेला जुन्या पट्टीशेजारी नवी पट्टी बांधून होत आली होती, अजून सुरू झालेली नव्हती. विमान त्या नव्या पट्टीवर उतरलं आणि तिथल्या ताडपत्रीवरून गेलं. सगळे सुखरूप. दोन्ही वैमानिकांना कामावरून दूर ठेवून चौकशी झाली. ४ एप्रिल २०२१ ला झांबियात एन्डोला शहरात इथिओपियन एअरलाइन्सचं मालवाहू विमान तर उद्घाटनही न झालेल्या नव्या विमानतळावर उतरलं.

जुहू, नॉर्थोल्ट, जबारा, ब्रॅन्सन, माले. देश वेगळे, विमानं वेगळी, जवळजवळ सत्तर वर्षांचा काळ. पण सांगाडा बघा: जवळजवळ दोन पट्ट्या, एकमेकींशी मिळत्याजुळत्या दिशेनं. बहुतेक वेळा हवा अशी की धावपट्टी डोळ्यांनी दिसते, म्हणून यंत्रावरची नजर ढिली पडते. विचित्र वाटेल, पण दाट धुक्यात ही चूक सहसा होत नाही. तेव्हा धावपट्टीकडून येणाऱ्या रेडिओ लहरींवरच विसंबावं लागतं, आणि त्या लहरी बरोबर पट्टीकडेच नेतात. पट्टी डोळ्यांना दिसते तेव्हा माणूस यंत्राला विचारायचं थांबतो. 'दिसली' म्हटलं की शोध संपतो. शेजारी बसलेल्या सहवैमानिकालाही तीच दिसलेली असते. त्यानंतर जे जे विसंगत दिसतं, त्याला मन काहीतरी कारण शोधून देतं. माझ्या मावशीनंही एकदा 'इर्ला' ऐकल्यावर "पण याला तर रायपूरला नोकरी लागली होती" हा विचार केला नाही.

आता माझं थोडं. मी इथल्या एका कारखान्यात सुरक्षेचं काम पाहतो. नाव सांगत नाही, त्याची गरजही नाही. काही वर्षांपूर्वी आमच्याकडे दोन पॅनेल शेजारी शेजारी होते, एकाच रंगाचे, एकाच उंचीवर. दुरुस्तीसाठी एकाचा वीजपुरवठा तोडायचा होता. पंधरा वर्षं काम केलेल्या माणसानं दुसऱ्याचाच तोडला, आणि ज्यावर काम करायचं तो चालूच राहिला. हात घालायच्या आधी हेल्परनं टेस्टर लावून पाहिला म्हणून तो वाचला. दुपारच्या चहाला त्यावर हसणं झालं. संध्याकाळी मेमो आला, त्या माणसाचा एक दिवसाचा पगार कापला गेला आणि विषय संपला. पॅनेल तसेच राहिले. चार महिन्यांनी रात्रपाळीत दुसऱ्या माणसानं तीच चूक केली. त्याचा हात भाजला. दोन बोटं अजून नीट वळत नाहीत.

मग आम्ही एका पॅनेलला पिवळा रंग दिला, दुसऱ्याला निळा, आणि वर हातभर आकडे लिहिले. खर्च काही शे रुपये. तो रंग पहिल्या दिवशीच देता आला असता. पण पहिल्या दिवशी आम्ही माणूस तपासत होतो, जागा तपासत नव्हतो. फाइलवर सही माझी होती, म्हणून 'आम्ही' म्हणतोय. जुहूची गोष्ट वाचली तेव्हा मला आधी ती फाइल आठवली. आमचं १९५३ आणि आमचं १९७२ यांत चार महिन्यांचं अंतर होतं, एवढाच फरक.

अमेरिकेत विचिटा आणि ब्रॅन्सन या घटनांनंतर तिथल्या अपघात तपास मंडळानं २०१५ मध्ये ज्या शिफारशी केल्या, त्या मला फार आवडतात. त्यांनी वैमानिकांची चूक स्पष्ट नोंदवली, लपवली नाही. पण पुढे जाऊन नियंत्रकांसाठी सांगितलं: ज्या विमानतळाशी गल्लत होऊ शकते असा दुसरा विमानतळ वाटेत असेल, तर विमान त्याला ओलांडून पुढे जाईपर्यंत उतरायची परवानगी देऊच नका. साधी गोष्ट आहे. परवानगी हातात नसेल तर वैमानिक चुकीच्या पट्टीवर टेकणार नाही, आणि विचारायला थांबला की चूक उघडी पडेल. शिवाय विमान भलत्या ठिकाणी खाली येतंय असं दिसलं की रडारच्या संगणकानं नियंत्रकाला इशारा द्यावा, असंही सुचवलं. गॅसच्या टाकीवर अक्षरं रंगवणं काय आणि हे काय, विचार एकच आहे. माणूस चुकणार हे धरून चाला, आणि चुकीच्या वाटेत एक पाटी उभी करा.

हा इतिहास आज सांगण्याचं कारणही आहे. एका शहराला, एका भागाला दोन विमानतळ, ही आता आपल्याकडे नेहमीची गोष्ट होतेय. गोव्यात दाबोळीच्या जोडीला जानेवारी २०२३ पासून मोपा आहे. मुंबईला आता नवी मुंबईची जोड मिळाली आहे. वैमानिकांसाठी ही ठिकाणं जुहू-सांताक्रूझसारखी चिकटून नाहीत. पण प्रवाशांची गल्लत व्हायला अंतर लागत नाही. तिकिटावर दोन्हीकडे 'गोवा' लिहिलेलं असतं आणि टॅक्सीवाला विचारतो, "कुठला?" तेव्हा घरातलं कुणी चुकीच्या विमानतळावर पोहोचलं तर "तुला वाचता येत नाही का?" म्हणण्याआधी तिकीट एकदा स्वतः वाचा. बहुतेकदा पाटीच लहान असते.

आणि तुमच्या कामाच्या जागी, शाळेत, दवाखान्यात, दुकानात एखादी चूक थोडक्यात निभावली, सगळे हसले आणि विषय संपला, असं झालं की जुहूचं ते कॉमेट आठवा. ते नऊ दिवस तिथे उभं होतं. ती नऊ दिवसांची फुकटची शिकवणी होती.

मावशीचं सांगायचं राहिलं. हल्ली मी फोनवर नुसतं 'उरला' म्हणत नाही, 'रायपूरचं उरला' म्हणतो. एकच शब्द जास्त, पण तेव्हापासून पार्ल्यात माझ्या नावाचा कुकर लागलेला नाही.

पुढच्या भागात भेटू. नमस्कार.